चालू

ताळेबंद म्हणतो, एक पूर्णांक चार.
चौऱ्याऐंशी लाख वर, साठ लाख खाली,
मधे एक आडवी रेघ,
आणि रेघेला टेकून उभं
अमृतकर वस्त्रदालन प्रायव्हेट लिमिटेड,
चोपडा. शाखा यावल. शाखा अडावद.

म्हणजे वर्षाच्या आत द्यायच्या दर रुपयामागे
हाताशी एक रुपया चाळीस पैसे.
पुस्तकात दोन मागतात,
पण दुकानदाराला थोडी सूट असते:
रोज गल्ला वाजतो ना, मग चालेल.
मी बँकेच्या कागदावर 'चालेल' लिहिलं,
पेन्सिलीनं.

चालू मालमत्ता, चालू देणी.
देणी खरंच चालतात.
सुरतहून चालत येतात, पंचेचाळिसाव्या दिवशी
काउंटरवर उभी राहतात.
सुपडूशेठचा फोन वाजतो, आरती पूर्ण होते,
शेठ उचलत नाहीत.
"चहा घ्या, मॅडम."

मालमत्तेचं तेवढं बघायला गेले.

मागचं गोदाम पत्र्याचं,
एप्रिल आत मुक्कामालाच आलेला.
हिलाल बाविस्कर, एकोणतीस वर्षं इथंच,
कमरेला किल्ल्यांचा जुडगा.
"दुकान भरेल शे ताई, मंग काय इचारस?"
मी म्हटलं, मोजायचंय.
तो हसला. मोजायला त्याला आकडे लागत नाहीत.
थप्पीतलं कापड चिमटीत धरतो, सोडतो:
हाई चालस.
हाई चालस.
हाई नही चालस.

नही चालस: एका मालिकेतल्या सुनेच्या पदराच्या साड्या.
मालिका संपली, सून गेली,
पदर उरला, दीडशे नग.
नही चालस: निळ्या चौकटीचे फ्रॉक, चारशे सतरा.
शाळेनं दोन वर्षांपूर्वी रंग बदलला,
पोरी मरून झाल्या,
हे निळेच राहिले,
खरेदीच्या भावानं, एकशे पंच्याऐंशी रुपये नग,
ताळेबंदात ताठ उभे.

बावीस लाख असे निघाले.
मी ते वरून खाली उतरवले.
बासष्ट भागिले साठ.
एक पूर्णांक शून्य तीन.

रुपया देऊन झाल्यावर तीन पैसे.
तीन पैशांत सुपडूशेठ
चार सेल्समनचे पगार, यावलचं भाडं
आणि ह्या चहातली साखर भागवणार होते.

मग उधारीची वही उघडली.
चौदा लाखांत तीन लाख एकाच नावावर,
सहा वर्षांपासून.
"हे कोण?"
शेठनी पंख्याकडे पाहिलं.
"धाकटा मेव्हणा."

ते तीन पैसे मेव्हणा घेऊन गेला.
वर दोन पैसे आणखी.

"तुम्ही मार्चअखेरचा फोटो बघताय," शेठ म्हणाले,
"अखाजी होऊ द्या, लेकी माहेरी येऊ द्या,
मग काढा फोटो."
खोटं नव्हतं ते.
अखाजीला ह्या काउंटरवर हात ठेवायला जागा नसते.
पण सुरतची तारीख अखाजीच्या आठ दिवस आधीची,
आणि ते आठ दिवस
कुठल्याच भागाकारात बसत नाहीत.

पेन्सिलीचं 'चालेल' खोडलं.
शाईनं लिहिलं:
वाढीव मर्यादेचा विचार जूननंतर.
न चालणारा माल आधी काढावा,
मिळेल त्या भावानं.
शेठनी वाचलं. चष्मा पुसला. परत वाचलं.
कप माझ्याकडे सरकवला, गार झालेला.

संध्याकाळी बस स्टँडकडे जाताना
दुकानाच्या पायरीवर खाट टाकलेली,
पुठ्ठ्यावर हिलालचं अक्षर: कोणताबी, चाळीस.
वैजापूरकडची एक बाई
तीन पोरींच्या पाठीला फ्रॉक लावून बघत होती.
त्या शाळेचं नाव तिला माहीत नव्हतं,
रंग जुना आहे हेही नाही.

धाकटीनं तिथंच अंगातल्यावरून घातला
आणि पायरी उतरली.

गल्ल्यात एकशे वीस रुपये आले.
ताळेबंदातलं गुणोत्तर
केसभर घसरलं.
हिलाल मला बघून लांबूनच ओरडला:
"चालना, ताई!"